मुद्रणयंत्र आणि धर्मसुधारणा : विटेनबर्गच्या छापखान्यांचा अन्वयार्थ

प्रास्ताविक

युरोपच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत धर्मसुधारणा चळवळीच्या कारणमीमांसेत ‘मुद्रणकलेचा शोध’ हे एक कारण हमखास आढळते. धर्मगुरूंची विलासी राहणी, क्षमापत्रांची विक्री, राष्ट्रीय राजसत्तांचा उदय या कारणांच्या रांगेत तेही उभे असते. विद्यार्थी ते पाठ करतो, उत्तरपत्रिकेत लिहितो आणि त्याला त्याचे गुणही मिळतात. मात्र या विधानात एक कालिक अडचण दडलेली आहे. सुट्या धातूच्या खिळ्यांनी छपाई करण्याचे तंत्र योहान गुटेनबर्गने माइन्झ येथे १४५० च्या सुमारास सिद्ध केले आणि मार्टिन ल्यूथरचे पंचाण्णव प्रबंध १५१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन घटनांत साठ वर्षांहून अधिक अंतर आहे, म्हणजे जवळजवळ तीन पिढ्यांचे अंतर आहे. यंत्र हेच कारण असते तर परिणाम इतका उशिरा का दिसावा, आणि मधल्या काळात ही यंत्रे कोणाचे काम करीत होती, हे प्रश्न विचारल्याखेरीज मुद्रण आणि धर्मसुधारणा यांचा संबंध नीट उलगडत नाही.

या विषयावर पाश्चात्त्य अभ्यासकांत दीर्घकाळ चर्चा झालेली आहे. एलिझाबेथ आयझेनस्टाइन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात मुद्रणयंत्राला परिवर्तनाचे कारक मानले. रॉबर्ट स्क्रिब्नर यांनी १९८१ मध्ये चित्रे आणि मौखिक व्यवहार यांकडे लक्ष वेधून या भूमिकेला मुरड घातली. मार्क एडवर्ड्स (१९९४) आणि अँड्र्यू पेटेग्री (२०१५) यांनी छापखान्यांचे अर्थकारण आणि ल्यूथरचे लेखकपण यांवर भर दिला. प्रस्तुत विवेचन मुख्यतः विटेनबर्ग या एका गावापुरते मर्यादित ठेवले आहे, कारण यंत्र, पैसा, भाषा आणि राजसत्ता यांची गुंतागुंत तेथे जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र दिसत नाही.

छापखान्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक

मुद्रणाच्या आरंभकाळात चर्च हा छापखान्यांचा शत्रू नव्हता. तो त्यांचा सर्वांत मोठा ग्राहक होता. प्रार्थनाग्रंथ, उपासनाविधींची पुस्तके आणि धर्मशास्त्रावरील लॅटिन भाष्ये यांवर कित्येक छापखाने जगत होते. युरोपातील छापील मजकुरांपैकी ज्यांवर तारीख आहे अशा अगदी पहिल्या कागदांत १४५४-५५ मध्ये माइन्झला छापलेली क्षमापत्रे आहेत, ही बाब पाठ्यपुस्तकांतून सहसा निसटते. सायप्रसच्या रक्षणासाठी निधी उभारण्याकरिता ही पत्रे काढण्यात आली होती. मजकूर आधीच छापलेला, नाव व तारीख यांपुरती जागा कोरी, आणि पैसे भरणाऱ्याचे नाव हाताने लिहून पत्र त्याच्या स्वाधीन करावयाचे, असा तो प्रकार होता. कार्यालयीन छापील अर्जाचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

छापखानदाराच्या दृष्टीने हे काम सोन्यासारखे होते. ग्रंथ छापण्यात मोठा धोका असे. गुटेनबर्गच्या बेचाळीस ओळींच्या बायबलच्या सुमारे १८० प्रती निघाल्या असाव्यात असे मानले जाते. परंतु त्या पूर्ण होईपर्यंत कागद, चर्मपत्र, धातू आणि मजुरी यांत भांडवल अडकून पडले आणि १४५५ मध्ये योहान फुस्ट या सावकाराने दावा लावून गुटेनबर्गच्या साधनसामग्रीचा मोठा भाग ताब्यात घेतला. याउलट क्षमापत्र म्हणजे एका बाजूने छापलेला एक कागद. मागणी निश्चित, मोबदला रोख, वाहतुकीची चिंता नाही. १५०० पर्यंत युरोपात सुमारे अठ्ठावीस हजार छापील आवृत्त्या निघाल्या. त्यांत लॅटिन ग्रंथांचा भरणा मोठा होता. विद्वान वाचकांची संख्या मर्यादित असल्याने न खपलेल्या ग्रंथांच्या ओझ्याखाली अनेक छापखाने बुडाले.

तेव्हा १५१७ मध्ये माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याच्या वतीने योहान टेट्झेल क्षमापत्रे विकीत फिरत होता, त्या व्यवहारातही छापखाना सामील होता. रोममधील संत पीटरच्या मंदिराच्या बांधकामाचे कारण पुढे केले जात होते. वास्तविक उत्पन्नाचा निम्मा वाटा फुग्गर या सावकारी पेढीचे कर्ज फेडण्याकडे जाणार होता. ज्या यंत्राने ही विक्री सुलभ केली, त्याच यंत्राने तिच्यावर हल्ला चढवला. यंत्राला स्वतःचे मत नसते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

लॅटिन प्रबंधाकडून जर्मन पुस्तिकेकडे

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आपले पंचाण्णव प्रबंध आर्चबिशप आल्ब्रेख्तकडे पत्रासोबत पाठवले, हे निश्चित आहे. चर्चच्या दारावर ते खिळे ठोकून लावल्याची सर्वपरिचित हकिकत मुख्यतः फिलिप मेलांख्थॉनच्या १५४६ मधील लेखनावर आधारलेली आहे आणि मेलांख्थॉन स्वतः विटेनबर्गला १५१८ मध्ये आला. दारावरील कागदापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या वर्षअखेरपर्यंत हे प्रबंध न्यूर्नबर्ग, लाइप्झिग आणि बाझल येथे छापले गेले होते. ल्यूथरने तशी व्यवस्था केलेली नव्हती. मार्च १५१८ मध्ये न्यूर्नबर्गच्या क्रिस्टोफ शॉयर्लला लिहिलेल्या पत्रात त्याने या प्रसाराबद्दल काहीसा संकोच व्यक्त केला आहे; प्रबंध हे विद्वानांच्या वादासाठी होते, सामान्य लोकांना शिकवण्याचे ते साधन नव्हे, असा त्याचा अभिप्राय होता.

परंतु या अनपेक्षित अनुभवातून तो फार लवकर शिकला. त्याच मार्च महिन्यात त्याने क्षमापत्रे आणि ईश्वरी कृपा यांवरील एक छोटे प्रवचन जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. पंचाण्णव लॅटिन प्रबंधांच्या जागी वीस मुद्दे, प्रत्येक मुद्दा दोन-चार वाक्यांचा, शास्त्रार्थाची परिभाषा जवळजवळ नाही. या पुस्तिकेच्या १५१८ या एकाच वर्षात डझनभराहून अधिक आवृत्त्या निघाल्या. धर्मसुधारणेच्या मुद्रण-इतिहासात खरे वळण शोधायचे असेल तर ते पंचाण्णव प्रबंधांपेक्षा या पुस्तिकेत शोधावे लागेल. विद्यापीठातील वाद ल्यूथरने सामान्य वाचकासमोर त्याच्या भाषेत मांडला आणि त्याच्या विरोधकांना नेमके हेच सहन होण्यासारखे नव्हते.

या पुस्तिकेच्या बांधणीकडे थोडे बारकाईने पाहणे उपयुक्त ठरेल. कागदाचा एक ताव दोन्ही बाजूंनी छापून दोनदा दुमडला की चार पाने, म्हणजे आठ पृष्ठे होतात. ल्यूथरचे हे प्रवचन एवढ्याच आकाराचे होते. जुळाऱ्याला खिळे जुळवण्यास एक-दोन दिवस पुरत. दाबयंत्रावर दोन माणसे दिवसाला हजाराच्या वर ताव काढू शकत. म्हणजे हस्तलिखित हाती आल्यापासून तीन-चार दिवसांत हजार प्रती विक्रीस तयार होत. बांधणीचा खर्च नाही, कागद थोडा, किंमत कारागिराच्या आवाक्यातली. गुंतवलेला पैसा आठवड्या-पंधरवड्यात परत येत असल्याने अल्प भांडवलाच्या छापखानदारालाही हे काम पेलत असे. ग्रंथांच्या व्यवसायात पोळलेल्या मुद्रकांना रोख उत्पन्नाचे नवे साधन सापडले. क्षमापत्रांच्या छपाईने जी सोय दिली होती तीच आता क्षमापत्रांविरुद्धच्या पुस्तिकांनी दिली.

विरोधकांनाही छपाईचे सामर्थ्य कळत नव्हते असे नाही. टेट्झेलच्या बाजूने तयार झालेल्या प्रतिप्रबंधांच्या सुमारे ८०० प्रती घेऊन एक विक्रेता मार्च १५१८ मध्ये विटेनबर्गला आला. विद्यार्थ्यांनी त्या हिसकावून जाळल्या. टेट्झेलने जर्मन भाषेतही उत्तर दिले होते. तथापि बहुतेक कॅथलिक पंडितांची धारणा अशी होती की धर्मसिद्धांताची चर्चा सामान्य माणसापुढे करणेच अनुचित आहे. जर्मनमध्ये उत्तर द्यावे तर वाद लोकांच्या चव्हाट्यावर नेल्याचा दोष आपल्याकडे येतो. न द्यावे तर मैदान रिकामे राहते. या पेचातून ते कधीच पूर्णपणे सुटले नाहीत. टोमास मुर्नरसारखे जर्मनमध्ये धारदार उपरोधिक लेखन करणारे लेखक त्या बाजूला होते. पण ते अपवादानेच.

एका लहान गावाचे मुद्रणकेंद्र होणे

१५१७ मधील विटेनबर्ग हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे गाव होते. सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक याने १५०२ मध्ये तेथे विद्यापीठ स्थापिले. १५०८ पासून योहान राउ-ग्रुनेनबर्ग हा मुद्रक विद्यापीठाची कामे करीत असे. त्याचे काम संथ आणि ओबडधोबड होते. वार्टबुर्गच्या किल्ल्यातून १५२१ मध्ये लिहिलेल्या पत्रात ल्यूथरने त्याच्या गलिच्छ छपाईविषयी त्रागा केलेला आहे. स्वतःच्या पुस्तकाचा कागद कसा आहे, खिळे कोणते आहेत, चुका किती राहिल्या आहेत, याकडे इतक्या काटेकोरपणे लक्ष देणारा धर्मशास्त्रज्ञ विरळाच.

१५१९ च्या अखेरीस लाइप्झिगचा नामांकित मुद्रक मेल्खिओर लॉटर याने आपल्या मुलाला विटेनबर्गला शाखा काढण्यास पाठवले. लॉटरकडे उत्तम खिळ्यांचे अनेक संच होते. त्याला लूकास क्रानाखची जोड मिळाली. क्रानाख १५०५ पासून इलेक्टरच्या दरबारचा चित्रकार होता. परंतु त्याला केवळ चित्रकार समजणे चूक ठरेल. औषधांचे दुकान, मद्यविक्री, जमीनजुमला आणि पुढे छापखाना असा त्याचा पसारा होता. त्याच्या कार्यशाळेने मुखपृष्ठांसाठी लाकडी ठशांच्या नक्षीदार चौकटी तयार केल्या. मध्यभागी पुस्तकाचे नाव, त्याखाली ठळक अक्षरांत ‘मार्टिन ल्यूथर’ आणि खाली ‘विटेनबर्ग’, असे मुखपृष्ठ रूढ झाले. दुकानाच्या फळीवरील शंभर पुस्तिकांतून ल्यूथरची पुस्तिका लांबून ओळखू यावी अशी ही योजना होती. लेखकाचे नाव पुस्तक खपवते, ही आजच्या प्रकाशनव्यवसायात गृहीत धरलेली गोष्ट त्या काळी नवीन होती; विशेषतः हयात लेखकाच्या बाबतीत.

ऑगस्ट १५२० मध्ये जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिलेल्या ल्यूथरच्या पुस्तिकेच्या ४,००० प्रती लॉटरने काढल्या. त्या काळात हजार प्रतींची आवृत्ती नेहमीची समजली जाई, हे पाहता हा आकडा धाडसाचा होता. प्रती काही दिवसांतच संपल्या आणि लगोलग दुसरी आवृत्ती काढावी लागली. त्याच वर्षी आणखी दोन महत्त्वाच्या कृती प्रसिद्ध झाल्या. पोपने जून १५२० मध्ये काढलेले निषेधपत्र ल्यूथरने १० डिसेंबरला विटेनबर्गमध्ये जाहीरपणे जाळले. ३ जानेवारी १५२१ च्या आज्ञापत्राने त्याला बहिष्कृत करण्यात आले. एप्रिलमध्ये वर्म्सच्या राज्यसभेत त्याला उभे केले गेले तेव्हा त्याच्यासमोर त्याच्याच पुस्तकांचा ढीग मांडण्यात आला होता. ही पुस्तके तुझी आहेत काय आणि त्यांतील मजकूर तू मागे घेतोस काय, असे दोन प्रश्न त्याला विचारले गेले. साम्राज्याच्या सर्वोच्च सभेत आरोपीच्या जागी माणूस आणि पुस्तके अशी दोन्ही उभी होती.

प्रसाराची रीत मात्र आजच्या वाचकाला चकवणारी आहे. विटेनबर्गहून पुस्तकांच्या गाड्या भरून देशभर जात होत्या असे नव्हे. कागद जड आणि रस्ते वाईट. जात असे ती एखादी प्रत. ती ऑग्सबर्ग, स्ट्रासबुर्ग, न्यूर्नबर्ग वा बाझलच्या मुद्रकाच्या हाती पडली की तो तिचे खिळे नव्याने जुळवी आणि आपल्या परिसरासाठी हजार प्रती काढी. लेखकाचा हक्क ही कल्पना अस्तित्वात नसल्याने कोणाची परवानगी लागत नसे. ल्यूथरने आपल्या लेखनाबद्दल मुद्रकांकडून मोबदला घेतला नाही. त्यामुळे मुद्रकाला फक्त कागद, शाई आणि मजुरी एवढाच खर्च येई. काही मुद्रक तर आपल्या गावाऐवजी मुखपृष्ठावर ‘विटेनबर्ग’ असेच छापीत, कारण ते नाव खपत असे आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या चौकशीतूनही सुटका होई. या नकलांतील चुकांनी हैराण होऊन ल्यूथरने १५२४ मध्ये आपल्या अस्सल प्रतींवर कोकरू आणि गुलाब यांची चिन्हे छापावयास सुरुवात केली. चौर्यमुद्रणाने त्याला त्रास दिला हे खरे. पण त्याच चौर्यमुद्रणाने त्याला जर्मनभर पोचवले हेही तितकेच खरे.

नव्या कराराचे भाषांतर

बायबल जर्मन भाषेत प्रथम ल्यूथरने आणले, हा समज दुरुस्त केला पाहिजे. स्ट्रासबुर्गच्या योहान मेंटेलिनने १४६६ मध्ये पहिले छापील जर्मन बायबल काढले होते आणि ल्यूथरपूर्वी अशा अठरा आवृत्त्या निघाल्या होत्या. त्या लॅटिन पाठावरून केलेल्या, शब्दाला शब्द ठेवणाऱ्या आणि म्हणून क्लिष्ट होत्या. ल्यूथरने ग्रीक मूळ समोर ठेवले. इरॅस्मसने बाझलला १५१६ मध्ये छापलेल्या ग्रीक नव्या कराराची १५१९ ची दुसरी आवृत्ती त्याने वापरली. म्हणजे भाषांतराची पूर्वअटही मुद्रणानेच पुरवली होती. वार्टबुर्गच्या एकांतात सुमारे अकरा आठवड्यांत त्याने मसुदा पुरा केला.

सप्टेंबर १५२२ मध्ये हे पुस्तक लॉटरच्या छापखान्यातून बाहेर पडले. भांडवल क्रानाख आणि क्रिस्टियन ड्यूरिंग या सोनाराचे होते. सुमारे ३,००० प्रती छापल्या असाव्यात असा अंदाज आहे. पुस्तक स्वस्त नव्हते. तरीही डिसेंबरमध्ये दुसरी आवृत्ती काढावी लागली. शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथासाठी क्रानाखच्या कार्यशाळेने एकवीस मोठी चित्रे दिली होती आणि त्यांतील श्वापदाच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट चढवला होता. डिसेंबरच्या आवृत्तीत ठसे तासून त्या मुकुटाचा साधा मुकुट केलेला दिसतो. १५३४ च्या संपूर्ण बायबलमध्ये तिहेरी मुकुट पुन्हा अवतरला.

बाझलच्या आडाम पेट्रीने डिसेंबर १५२२ मध्येच हा नवा करार पुन्हा छापला. त्यानंतरच्या आवृत्तीत त्याने एक शब्दसूची जोडली, कारण ल्यूथरचे कित्येक शब्द दक्षिणेकडील वाचकांना कळत नव्हते. भाषेच्या अभ्यासकांनी या सूचीकडे विशेष लक्ष द्यावे असे ती साधन आहे. एका प्रांताची बोली दुसऱ्या प्रांतात छापील रूपाने जाऊन हळूहळू प्रमाण होऊ लागते, त्या प्रक्रियेची ती नोंदच होय. ड्यूक जॉर्जच्या आश्रयाने हिएरोनिमस एम्झरने १५२७ मध्ये कॅथलिक वाचकांसाठी जो नवा करार काढला, त्यातील भाषा बव्हंशी ल्यूथरचीच होती आणि ‘प्रकटीकरणा’साठी चित्रेही क्रानाखची होती. विरोध सिद्धांताला होता. पण भाषा ल्यूथरचीच घ्यावी लागली.

अक्षरशत्रूंपर्यंत पोच

सर्वच जर्मन पुस्तके वाचीत होते, असे चित्र रंगवणे दिशाभूल करणारे ठरेल. त्या काळी एकंदर लोकसंख्येत साक्षरांचे प्रमाण शेकडा पाच ते दहापेक्षा अधिक नसावे, शहरांत ते शेकडा तीसपर्यंत जात असावे, असे अंदाज केले जातात. स्क्रिब्नर यांचा आक्षेप येथेच महत्त्वाचा ठरतो. छापील अक्षर वाचकापाशी थांबत नव्हते. ते धर्मोपदेशकाच्या व्यासपीठावरून, सराईतल्या गप्पांतून, कारागिरांच्या कामाच्या जागी मोठ्याने वाचले जाऊन पुढे सरकत होते. पुस्तिकांचा मोठा ग्राहक स्वतः धर्मोपदेशकच होता. रविवारी काय बोलावे हे त्याला त्यातून मिळत असे. एक प्रत आणि शंभर श्रोते हे समीकरण लक्षात घेतले नाही तर आवृत्त्यांच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

चित्रांचे कार्य स्वतंत्र होते. १५२१ मध्ये निघालेल्या एका पुस्तिकेत तेरा जोड्यांत ख्रिस्त आणि पोप समोरासमोर दाखवले आहेत. एका पानावर ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतो, समोरच्या पानावर राजे पोपच्या पायांचे चुंबन घेतात. एका बाजूला ख्रिस्त व्यापाऱ्यांना मंदिरातून हाकलतो, दुसऱ्या बाजूला पोप क्षमापत्रे विकत बसला आहे. अक्षर न येणाऱ्यालाही यातील आशय समजावून सांगावा लागत नव्हता.

गीतांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १ जुलै १५२३ रोजी ब्रसेल्समध्ये दोन ऑगस्टिनियन भिक्षूंना नव्या मतासाठी जिवंत जाळण्यात आले. त्यांच्यावर ल्यूथरने रचलेले गीत सुट्या कागदावर छापले जाऊन गावोगावी गेले. न्यूर्नबर्गचा चांभार कवी हान्स झाक्स याने त्याच वर्षी ल्यूथरला पहाटेच्या बुलबुलाची उपमा देणारे दीर्घकाव्य लिहिले. १५२४ मध्ये आठ गीतांचे पहिले लहान संकलन न्यूर्नबर्गमध्ये छापले गेले. कागदावरचे गीत एकदा तोंडी बसले की कागदाची गरज उरत नाही आणि जप्त करण्यासारखे काही हाती लागत नाही.

बंदी आणि तिची मर्यादा

मे १५२१ च्या वर्म्सच्या फर्मानाने ल्यूथरची पुस्तके छापणे, विकणे, बाळगणे आणि वाचणे निषिद्ध ठरवले. प्रत्यक्षात १५२३-२४ हा पुस्तिकांच्या पुराचा परमोच्च काळ ठरला. याचे कारण यंत्रात नाही. ते जर्मन राज्यव्यवस्थेत आहे. सम्राटाखाली शेकडो लहानमोठी राज्ये आणि स्वतंत्र नगरे होती. फर्मान अमलात आणणे त्यांच्या मर्जीवर होते. न्यूर्नबर्गमध्ये छापणे अडचणीचे झाले तर ऑग्सबर्गमध्ये छापता येई.

सॅक्सनीच्याच दुसऱ्या शाखेचा ड्यूक जॉर्ज मात्र कठोर होता. त्याने १५२२ मध्ये आपल्या राज्यात ल्यूथरच्या नव्या कराराच्या विक्रीवर बंदी घातली. परिणाम काय झाला, तर लाइप्झिगचा भरभराटीचा मुद्रणव्यवसाय खालावला. १५२४ मध्ये लाइप्झिगच्या नगरसभेने ड्यूककडे गाऱ्हाणे मांडले की, जे छापण्याची मुभा आहे ते कोणी विकत घेत नाही आणि जे लोकांना हवे आहे ते छापता येत नाही. त्यामुळे मुद्रक आणि त्यांचे कामगार यांच्यावर उपासमारीची पाळी येत आहे. धर्मसुधारणेच्या मुद्रण-इतिहासातील हे सर्वांत प्रामाणिक साधन म्हटले पाहिजे, कारण त्यात सिद्धांताचा आव नाही. पोटाची तक्रार आहे. कॅथलिक वादपटू योहानेस कोख्लेउस याचीही खंत याच स्वरूपाची होती. विरोधकांचे लेखन मुद्रक हौसेने छापतात, आपल्या बाजूच्या लेखकांना मात्र छपाईचा खर्च स्वतः सोसावा लागतो, असे त्याचे म्हणणे होते.

फ्रान्सशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक ठसठशीत होतो. तेथे मुद्रण पॅरिस आणि लियाँ या दोन शहरांत एकवटलेले होते आणि पॅरिसमध्ये धर्मशास्त्राचे विद्यापीठ व राजसत्ता एकाच जागी होती. ऑक्टोबर १५३४ मध्ये मिस्सा-विधीची निंदा करणारी भित्तिपत्रके एका रात्रीत पॅरिससह अनेक गावांत लागली. ती स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे छापलेली होती. त्यानंतर अटकसत्र आणि देहदंड सुरू झाले आणि जानेवारी १५३५ मध्ये पहिल्या फ्रान्सिसने राज्यातील सर्व मुद्रणच बंद करण्याचा हुकूम काढला. हुकूम फार काळ टिकला नाही; पण असा हुकूम काढण्याचे बळ त्या राजाकडे होते, जर्मन सम्राटाकडे नव्हते. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते.

उलट बाजूने बोहीमियाचे उदाहरणही विसरता येणार नाही. यान हुसला १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे जाळण्यात आले तेव्हा युरोपात खिळ्यांचा छापखाना नव्हता. तरीही त्याच्या अनुयायांची चळवळ बोहीमियात टिकून राहिली. मात्र ती त्या प्रदेशाबाहेर फारशी गेली नाही. मुद्रणाशिवाय धर्मसुधारणाच नाही, हे मत यासाठीच जरा सैल करून घ्यावे लागते. मुद्रणाने बंडाला जन्म दिला नाही. त्याची भौगोलिक कक्षा आणि वेग बदलला.

लेखकाच्या हातून निसटलेले शब्द

१५१८ ते १५२५ या काळात जर्मन भाषेतील ल्यूथरच्या लेखनाच्या आवृत्त्या दुसऱ्या क्रमांकावरील सुधारक लेखकाच्या, आंद्रेआस कार्लश्टाटच्या, दहापटीहून अधिक होत्या, असे एडवर्ड्स यांच्या गणनेवरून दिसते. एका माणसाचे असे वर्चस्व त्यापूर्वी कोणत्याही माध्यमात दिसलेले नाही. परंतु वर्चस्व म्हणजे नियंत्रण नव्हे. १५२३ मध्ये बव्हेरियातील आर्गुला फॉन ग्रुम्बाख या स्त्रीने इंगोलश्टाट विद्यापीठाला खुले पत्र लिहून, ल्यूथरच्या मताच्या एका तरुण अध्यापकावर झालेल्या कारवाईबद्दल पंडितांना जर्मन भाषेत वादाचे आव्हान दिले. विद्यापीठाने उत्तर दिले नाही. पत्राच्या मात्र अनेक आवृत्त्या निघाल्या. विद्यापीठाच्या दाराआत जिला प्रवेश नव्हता तिला छापखान्याने बोलण्यास जागा दिली.

१५२५ मध्ये मेमिंगेन येथे सिद्ध झालेल्या शेतकऱ्यांच्या बारा मागण्या काही आठवड्यांत सुमारे पंचवीस आवृत्त्यांतून पसरल्या. आपला धर्मोपदेशक निवडण्याचा हक्क, भूदासत्वाचा शेवट, जंगल आणि पाणी यांवरील सामायिक अधिकार, हे सारे बायबलमधील वचनांच्या आधारे मागितले होते. ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्याविषयी ल्यूथरने जे लिहिले ते त्यांनी आपल्या शेताच्या बांधावरून वाचले. ल्यूथरने त्यांच्याविरुद्ध जी जळजळीत पुस्तिका लिहिली, ती शेतकऱ्यांची कत्तल चालू असतानाच बाजारात पसरली आणि त्याची प्रतिमा कायमची डागाळली. छपाईच्या ज्या वेगाने त्याला मोठे केले, त्याच वेगाने त्याचा सर्वांत निष्ठुर मजकूरही सर्वत्र पोचवला. प्रभुभोजनाच्या अर्थावरून झ्विंग्लीशी झालेला वाद, १५२९ मध्ये मारबुर्ग येथे उभयतांची भेट होऊनही, मिटला नाही. त्याआधीच्या काही वर्षांत दोन्ही पक्षांच्या पुस्तिकांनी माघारीची वाट बंद करून टाकलेली होती. मुद्रणाने सुधारणा पसरवली तशीच सुधारकांतील फूटही पक्की केली.

कॅथलिक पक्षानेही कालांतराने हे साधन आपलेसे केले. १५५९ ची निषिद्ध ग्रंथांची सूची सर्वांना ठाऊक असते. जेझुइट पंथाने छापलेल्या प्रश्नोत्तरी आणि भक्तिग्रंथ यांची चर्चा त्या मानाने कमी होते. याच प्रवाहातून ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात छापखाना उतरला. तो जायचा होता ॲबिसिनियाला, राहिला गोव्यातच. त्याचा सविस्तर वृत्तांत अ. का. प्रियोळकर यांच्या १९५८ च्या ग्रंथात आहे. प्रॉटेस्टंट झालेल्या इंग्लंडमधून बाहेर पडून १५७९ मध्ये गोव्यास पोचलेल्या फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठीतील या ओवीबद्ध ग्रंथाच्या मागे युरोपातील धर्मभेदाची पार्श्वभूमी अशी थेट उभी आहे. ल्यूथरच्या परंपरेतील छापखाना हिंदुस्थानात यायला मात्र अठरावे शतक उजाडावे लागले. त्रांकेबार येथील जर्मन मिशनऱ्यांनी १७१४-१५ मध्ये तमिळ नवा करार छापला.

बंडखोर पुस्तिकेकडून भिंतीवरील तक्त्याकडे

१५२८ च्या सुमारास ल्यूथर आणि त्याचे सहकारी सॅक्सनीतील खेड्यांच्या चर्चना भेटी देत फिरले. दहा वर्षे पुस्तिकांचा वर्षाव होऊनही खेडुतांना, आणि काही ठिकाणी त्यांच्या धर्मोपदेशकांनाही, दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना धड म्हणता येत नव्हती. शहरातील छापील वादळ खेड्याच्या वेशीपाशीच अडले होते, असा त्याचा अर्थ होतो. मुद्रणाच्या विजयाची कथा सांगताना हे अपयश बहुधा वगळले जाते.

त्यावर उपाय म्हणून ल्यूथरने १५२९ मध्ये लघु प्रश्नोत्तरी रचली. तिचे भाग आधी भिंतीवर लावण्याच्या तक्त्यांच्या रूपात छापले गेले. कुटुंबप्रमुखाने ते घरातील मुले आणि नोकर यांच्याकडून पाठ करून घ्यावेत अशी अपेक्षा होती. वादंगाचे साहित्य ओसरून पाठांतराचे साहित्य आले. हान्स लुफ्टसारखे मुद्रक आता बायबल, प्रश्नोत्तरी, गीतसंग्रह आणि प्रवचनसंग्रह यांवर स्थिरावले. लुफ्टने १५३४ मध्ये छापलेल्या संपूर्ण बायबलला इलेक्टरचे संरक्षक आज्ञापत्र मिळालेले होते. सत्तेला आव्हान देणारा छापखाना अशा रीतीने एका राज्याच्या चर्चचा अधिकृत छापखाना झाला आणि दीड पिढीपूर्वी एकाच संथ मुद्रकावर अवलंबून असलेले विटेनबर्ग जर्मनीतील अग्रगण्य मुद्रणकेंद्रांत गणले जाऊ लागले.

१५३९ मध्ये ल्यूथरच्या जर्मन लेखनाच्या समग्र आवृत्तीचा पहिला खंड निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने आपली पुस्तके मागे पडावीत, लोकांनी बायबलच वाचावे, अशा आशयाची इच्छा व्यक्त केली. मुद्रकांनी ती प्रस्तावना पुस्तकाच्या आरंभी व्यवस्थित छापली आणि पुढील खंडांचे काम हाती घेतले. १५४६ मध्ये ल्यूथरचे निधन झाले; विटेनबर्गची ही समग्र आवृत्ती जर्मनचे बारा आणि लॅटिनचे सात असे एकोणीस खंड भरून १५५९ मध्ये पूर्ण झाली.